महादेवी अक्कांची बिनराणीची पेटी

झाकण उचललं आणि आवाजावरूनच कळलं, पेटीत काहीतरी बिघडलंय. नांदती पेटी गुणगुणते. ही नुसती घोंगावत होती.

चिंताकीच्या महादेवी अक्का पदर डोक्याला गुंडाळून शेजारी उभ्या होत्या. माश्यांची ही वसाहत त्यांनी स्वतः विहिरीच्या कपारीतून काढून पेटीत बसवली होती. मी नौबादला राहतो. मधपेट्या तपासणं ही माझी नोकरी.

एकेक फ्रेम काढून उन्हात धरली. कुठंच अंडी नव्हती.

"अक्का, राणी गेलीय."

पेटीत अंडी घालते ती एकटी राणी. ती गेली की नव्या माश्या जन्मत नाहीत, जुन्या मरत जातात आणि पेटी ओस पडते.

साहेबांना फोन लावला. "वेळ कशाला घालवता? युनाइट करून टाका," ते म्हणाले. म्हणजे या माश्या राणी असलेल्या दुसऱ्या पेटीत मिसळायच्या. माश्या वाचतात, वसाहत संपते.

अक्कांनी ऐकलं. "न्हाई सर. घरची माणसं दुसऱ्याच्या दारात कामून धाडायची?"

तूर फुलात होती. नव्या राणीशी जुगायला नर माश्याही होत्या. ताजी अंडी दिली तर माश्या त्यांतून नवी राणी वाढवतात. म्हटलं, करून बघू. ठाणाकुशनूरच्या नागनाथ अप्पांची पेटी भरभक्कम होती. तिथून ताज्या अंड्यांची एक फ्रेम मागितली.

"न्या की," अप्पा म्हणाले. "पर माझ्या माश्या मराठी, अक्काच्या कानडी. जमंल का?"

"आमच्याकडं दोन्ही चालतंय," अक्का म्हणाल्या.

ओल्या फडक्यात गुंडाळलेली फ्रेम मांडीवर धरून त्या माझ्या गाडीवर मागं बसल्या. वाटेतला प्रत्येक खड्डा मी चालत्या माणसाच्या वेगानं ओलांडला.

चार-पाच दिवसांत माश्यांनी फ्रेमला शेंगेसारखी लोंबती तीन राणीघरं बांधली. त्यातल्या अळ्यांना शेवटपर्यंत रॉयल जेली मिळते, म्हणून त्यांच्या राण्या होतात. पहिली बाहेर पडते, ती बहुधा बाकीच्यांना मारते.

तीन आठवड्यांनी पेटी उघडली. एक राणीघर खालून उघडलेलं. पण राणी दिसेना, अंडीही नाहीत. जुगायला आकाशात गेली असेल आणि वेड्या राघूनं टिपली असेल, असं मी धरलं.

"अक्का, आता युनाइट करू."

"सर, जरा कान लावा. आवाज निवलाय. आन् पायाला पिवळं लावून यायल्यात बघा. घरात लेकरं व्हायची न्हाईत, तर खाऊ कुणासाठी आणायल्यात?"

ते पिवळं म्हणजे पराग, पिल्लांचं खाद्य. हे मीच ट्रेनिंगमध्ये शिकवतो. त्या दिवशी दाराकडं बघायचं मात्र राहिलं होतं. अक्कांनी आठ दिवस मागितले.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. "सर, चष्मा घिऊन या."

फ्रेम उन्हात धरली. घराघरात एकेक पांढरं अंडं, दोऱ्याच्या तुकड्यासारखं उभं. राणी फार दिवस नसली तर कधीकधी कामकरी माश्याही अंडी घालतात, पण त्यांतून नुसते नर निघतात आणि ती असतात एका घरात तीन-चार, कशीही. ही शिस्त राणीचीच. तेवढ्यात ती स्वतःच समोरून गेली. लांब, काळसर, सावकाश. अक्का इतक्या हसल्या की मला फ्रेम दोन्ही हातांनी धरावी लागली. दुपारी त्यांनी हुग्गी केली, खपली गव्हाची गूळ घातलेली खीर. अप्पांनाही बोलावणं गेलं.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "तेच म्हणतो मी. घाई करायची नसते."

हल्ली मी पेटी उघडण्याआधी दहा मिनिटं नुसता तिच्या दारासमोर बसतो. निम्म्या वेळा उघडावीच लागत नाही.