शिक्का बसेना, बारसं थांबेना

सरकारी शिक्का कागदावर बसतो, प्लास्टिकवर बसत नाही, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही ओमानच्या सीमेवर, मागे वीस-बावीस माणसं रांगेत खोळंबलेली असताना.

त्याचं असं झालं. शारजात माझ्या मेहुण्याला, राहुलला, मुलगी झाली. शुक्रवारी दुपारी चार वाजता बारसं. आमची सुजाता म्हणजे बाळाची एकुलती एक आत्या, म्हणजे कानात नाव सांगायचा मान तिचा. पण राहुलच्या शेजारच्या मोहितेबाईंनी फोनवर सांगून ठेवलेलं, "तुम्ही अगदी निवांत या हो. उशीर झालाच तर मी आहे ना! मी करीन कानात कुर्र!" झालं! त्या फोननंतर सुजाता दोन दिवस धड जेवली नाही.

"माझ्या भाचीचं नाव ती बाई ठेवणार? मी जिवंत असताना?"

"अगं, नाही ठेवणार. सकाळी सहाला निघू. सगळे कागद तयार आहेत."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

आम्ही राहतो ओमानमध्ये, अल हैलला, आणि आमची गाडी म्हणजे चालवायला आमची, नावावर अर्बाबांच्या (आमच्या कंपनीचे मालक, देवमाणूस). ती देशाबाहेर न्यायची तर त्यांचं परवानगीपत्र लागतं, सहीशिक्क्यासकट. ते त्यांनी हसत हसत दिलं. मी ते घरी आणलं आणि लॅमिनेट केलं.

का केलं? अहो, सवय! लेकीच्या शाळेच्या तक्त्यांसाठी लॅमिनेशनचं मशीन घेतलं आणि तेव्हापासून आमच्या घरात उघडा कागद राहिलेला नाही. वॉशिंग मशीनची वॉरंटी, लसींचं कार्ड, पुरणपोळीचं प्रमाण, सगळं कडक! पासपोर्ट तेवढे वाचले, कारण ते मशीनमध्ये शिरले नाहीत. बाळाला भेट म्हणूनही मी तसलंच एक नवंकोरं मशीन घेतलं होतं. जन्मदाखल्यापासूनच सुरुवात झालेली बरी!

दहा वाजता सीमेवर पोचलो. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिले, मान डोलावली, परवानगीपत्र पुढे ओढलं आणि त्यावर धाडकन शिक्का मारला. शिक्का घसरला. त्याने पुन्हा मारला. पुन्हा घसरला, आणि निळी शाई त्याच्या पांढऱ्याशुभ्र बाहीला लागली.

"सदीक," म्हणजे मित्रा, "ये क्या है? ये तो फोटोकॉपी. ओरिजिनल किधर?"

"ओरिजिनल अंदर है."

"किधर अंदर? गाडी के अंदर?"

"नहीं, इसके अंदर!"

त्याने पत्र उलटं करून पाहिलं, मग मला तसंच पाहिलं. मागच्या रांगेतून कुणीतरी "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला, असं ओरडलं.

सुजाताने पर्समधून नेलकटर काढलं. "द्या इकडे. मी सोलते."

"अगं, हळू!"

"तुम्ही बोलूच नका!"

तिने कोपरा धरून प्लास्टिक टर्रकन ओढलं. अर्बाबांची सही वरच्या प्लास्टिकबरोबर निघाली आणि शिक्का खालच्या प्लास्टिकवर राहिला. मधे कागद असा काही उरलाच नाही.

"बाबा," आमची बारा वर्षांची आर्या म्हणाली, "तुम्ही ना, एकदम डिस्ट्रॉय केलं."

अर्बाबांना फोन लावला. बंद! शुक्रवार, त्यात ते निझवाच्या गावच्या घरी. अधिकारी म्हणाला, "आज जुम्मा. नमाज के बाद वो नया लेटर भेजेगा, मैं बात करेगा, प्रिंट करेगा, खलास. अभी बैठो." आणि मग, बसलोच आहोत तर, डिकी उघडायला सांगितली.

डिकीत काय सापडावं? नवंकोरं लॅमिनेशन मशीन!

"ये क्या?"

"बेबी का गिफ्ट," मी म्हणालो. माझाच आवाज मला ऐकू येईना.

त्याने खोक्यावरचं चित्र पाहिलं, हातातल्या चिंध्या पाहिल्या आणि असा हसला की आतून आणखी दोघं धावत आले. त्यांना सांगून झालं, तेही हसले. मग एकाने खिडकीवरची सूचना काढून आणली. उन्हाने पिवळी पडलेली, चिकटपट्टीने जोडजोडून जिवंत ठेवलेली. "सदीक, ये कर सकता है?"

कर सकता है म्हणजे काय! मी बाह्या सरसावल्या. रांग कुठली, गाड्या कुठे लावायच्या, फोटो काढू नका, एकेक सूचना कडक करत सुटलो. खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती. चहा आला, खजूर आले. शेवटी खिडकीतल्या अधिकाऱ्याने एक ताजा छापलेला अरबी कागद हसत हसत पुढे केला. तोही केला.

"हसताय काय?" सुजाताच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिकडे ती बाई गजरा माळून पाळण्यापाशी बसली असेल!"

माझं हसू तिथेच गोठलं. मशीन बंद करून मी पुन्हा फोन लावला. तेराव्यांदा लागला! अधिकारी अर्बाबांशी स्वतः बोलला, दोघं पाच मिनिटं नुसते हसले, नवं पत्र आलं, छापलं आणि त्यावर शिक्का असा बसला की मी डोळे मिटून हात जोडले. दोन वाजायला आले होते. त्याने आम्हाला रांग सोडून पुढे काढलं. "यल्ला, बेबी वेटिंग!"

शारजात दारातून आत शिरलो तेव्हा मोहितेबाई पाळण्यावर वाकलेल्या होत्या, तोंडाचा चंबू करून.

"थांबाऽऽ!" सुजाता अशी ओरडली की पाळण्यातलं बाळ दचकून जागं झालं. चपला वाटेतच सोडून ती धावली, वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र... मैत्रेयी!" मग बाळाला छातीशी धरून रडली, हसली, पुन्हा रडली.

रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका पुढे आल्या. सुजाता शांतपणे म्हणाली, "ते माझे नव्हेत. ह्यांना घाला." पहिला धपाटा मोहितेबाईंनी घातला. चांगला जोरात.

रविवारी परतताना त्याच खिडकीशी सलाम करायला थांबलो. काचेवर माझा तो अरबी कागद झळकत होता.

"सदीक, इसमें क्या लिखा है?"

तो अधिकारी बोट ठेवून वाचू लागला, "लिखा है, प्लास्टिकवाला पेपर नहीं चलेगा."

सुजाताने कपाळावर हात मारला. मी काचेजवळ जाऊन नीट पाहिलं. खोटं कशाला बोलू, प्लास्टिकखाली एकही बुडबुडा नव्हता!