दरेकर बाईंनी मला नापास केलं तो दिवस

दरेकर बाईंनी मला आयुष्यात एकदाच नापास केलं, आणि त्याचे उपकार अजून फिटलेले नाहीत.

आज सकाळी बाई गेल्या.

उगाच रडकं काही लिहिणार नाही. बाईंना रडकं अजिबात खपायचं नाही. त्यापेक्षा कॅम्पची गोष्ट सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शिरूरला आठवीत. बाई आमच्या गाईड कॅप्टन. निळा ड्रेस, गळ्यात स्कार्फ, शिट्टी, आणि मी संघनायक! म्हणजे हाताखाली सात पोरी. माझा रुबाब विचारूच नका.

कॅम्प होता दौंडकडच्या राहू गावाजवळ, एका शाळेच्या मैदानावर. तीन दिवस, तंबूत.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पोरीला बाहेर ठेवायला तयारच नव्हते. आईनं चार दिवस डोकं खाल्लं तेव्हा कुठं हो म्हणाले. पण अट घातली. "पाऊस आला की मी न्यायला येनार. मग रडायचं न्हाई."

मी खुशाल हो म्हटलं. आमच्याकडं कुठला आलाय पाऊस? शिरूर-दौंडात चार थेंब पडले तरी लोक कामं टाकून बघत उभे राहतात.

कॅम्पच्या दुसऱ्याच दिवशी असा कोसळला म्हणता!

बाईंनी काय करावं? शिट्टी वाजवली. "सगळ्या बाहेर! पावसात विरघळायला तुम्ही काय साखरेच्या आहात का?"

मग काय, नुसता धिंगाणा. गाठी मारायच्या तर दोऱ्या फुगलेल्या. वाट दाखवणारे दगडांचे बाण शोधत जायचं तर बाण चिखलात बुडालेले, आमचा अख्खा संघ चुकून कुणाच्या तरी उसात शिरला. रस्सीखेचीत तर दोन्हीकडच्या पोरी एकदमच आडव्या. कोण जिंकलं कुणालाच कळलं नाही, पण ओरडलो सगळ्याच. इतकी हसले होते की पोटात दुखायला लागलं.

आणि तीन वाजता फाटकात एम-एटी गाडी थांबली.

डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, खाली आप्पा.

माझं हसू जागच्या जागी विरलं.

"चल, उचल पिशवी."

मी बाईंकडं बघितलं. वाटलं, बाई भांडतील. कसलं काय! बाई म्हणाल्या, "न्या की. पण आत्ता हिची चूल पेटवायची परीक्षा आहे. तेवढी होऊ द्या. दोनच काड्या मिळतात."

आप्पा हसले. "ह्या पावसात? दोन काड्यांत? ही?"

"ही."

"बरं. पेटली तर ऱ्हाऊ द्या तिला. न्हाई पेटली तर गप गाडीवर बसायचं."

झालं. माझा अख्खा कॅम्प दोन काड्यांवर.

तयारी माझी पक्की होती, बरं का. तंबूत कोरडं पाचट आणि तुराट्या लपवलेल्या. दोन पोरींनी वर ताडपत्री धरली. काड्या ओल्या होऊ नयेत म्हणून त्यांच्या टोकाच्या गुलाला मेणबत्तीचं मेण लावून आणा, असं बाईंनी सांगितलंच होतं. मी घरूनच लावून आणलेलं.

पहिली काडी ओढली. सुर्रकन घसरली. पुन्हा ओढली, मोडली.

सगळ्या पोरी एकदम, "अगं बाई!"

दुसरी काडी हातात घेतली. आप्पांकडं बघायची हिंमत होईना. डोळ्यांत पाणी, त्यात पावसाचं पाणी.

"आगं थांब, येडे!" आप्पा खेकसले. "पेटीलाच मेन फासलंय की तू! कशी पेटंल? आन हिकडं."

खरंच की! अतिशहाणपणा करून मी काड्यांबरोबर अख्खी पेटीच मेणात बुडवली होती.

आप्पा माझ्याशेजारी उकिडवे बसले. अंगठ्याच्या नखानं पेटीची कड खरवडली, बंडीच्या आतल्या बाजूला पुसली, माझ्या हातात दिली. "आता वढ."

ओढली. पेटली! पाचटानं भस्सकन जाळ धरला. पोरींनी जो काय दंगा केला! आणि आप्पा सगळ्यात मोठ्यानं, "पेटली, पेटली!"

बाईंनी वही उघडली.

"सुनीता. नापास."



आप्पा उठून उभे राहिले. "नापास? म्हंजी? जाळ दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

"बाहेरच्या माणसाची मदत घेतली."

"बाहेरचा? बाप हाय मी तिचा!"

"कॅम्पात बापसुद्धा बाहेरचाच, आप्पा."

आप्पांचा चेहरा लालबुंद. "मग परत कवा घेता परीक्षा?"

"उद्या सकाळी."

"घ्या! ऱ्हाती ती हितंच. माझ्या पोरीला कोन नापास करतंय बघतोच मी."

मग त्याच चुलीच्या निखाऱ्यात भाजलेले बटाटे त्यांनी राख झटकून खाल्ले, आणि गाडीला किक मारताना मला दम देऊन गेले. "उद्या न्हाई पेटली तर घरी येऊ नगं."

पेटली. पहिल्याच काडीत.

त्यानंतर आप्पांनी मला कधी अडवलं नाही असं नाही. पण आधीसारखं नाही. पुण्याला कॉलेज झालं. रांजणगावला कंपनीत लागले तेव्हा सेकंड शिफ्टवरून गावात लोक बोलायला लागले. त्यांना आप्पांनीच गप्प केलं.

दिवाळीत बाईंना भेटायला गेले होते. चहा घेताना विचारलंच. "बाई, खरं सांगा. तुम्ही मला मुद्दाम नापास केलंत ना?"

"मुद्दाम कशाला? नापासच होतीस तू."

मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आप्पांना मात्र पास केलं होतं मी."

बाई, आपला गाईडचा तीन बोटांचा सॅल्यूट. खूप आठवण येईल तुमची.

तुमची सुनीता