अर्जदाराने समक्ष हजर राहावे

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाबांची कारकुनी निवृत्तीनंतरही गेली नाही. घणसोलीतल्या आमच्या सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं आणि सहा महिन्यांत गच्चीवर पापड वाळत घालायलाही अर्ज लागू लागला, तोही दोन प्रतींत. लोक कुरकुरत, पण करत. मला मात्र हसू यायचं.

आईचे दोन्ही गुडघे गेले तेव्हा ते हसू थांबलं. लिफ्ट तळमजल्यावर येते, पण तिथून बाहेर पडायला चार पायऱ्या आहेत. आई महिनाभर घरात अडकली. गेटजवळच्या बाकावर संध्याकाळी तिच्या मैत्रिणी जमायच्या. ती खिडकीतून त्यांची डोकी बघत बसायची. "हिचे केस किती पिकलेत गं," एवढंच म्हणायची.

रॅम्प हवा होता. "अर्ज कर," बाबा म्हणाले. आईने तो त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला, तर त्यांनी हातही लावला नाही.

"इथं मी तुझा नवरा. सेक्रेटरी रविवारी दहा ते बारा, खाली ऑफिसात. नियम सात, अर्जदाराने समक्ष हजर राहावे."

"अहो, मला उतरता येत नाही म्हणूनच तर अर्ज आहे ना?"

"मग तसं अर्जात लिही."

मी म्हटलं, अर्ज मी नेते. तर मला अधिकारपत्र हवं, आणि त्यावर आईची सही ऑफिसातच, सेक्रेटरीसमोर! त्या दिवशी मी बाबांशी बोललेच नाही. खरंच राग आला होता.

आईने वाद घातला नाही. रविवारी पावणेदहाला ती ठेवणीतली साडी नेसून तयार. "नवऱ्याला सांगतेय, मला सेक्रेटरीकडे पोचवा."

लिफ्टपर्यंत ती वॉकरने आली. पुढे पायऱ्यांसाठी मी प्लास्टिकची खुर्ची आणली. एका बाजूने वॉचमन, दुसऱ्या बाजूने बाबा.

"काकू, टेन्शन घेऊ नका, आमी हाय ना," वॉचमन म्हणाला. बाबांना श्वास पुरत नव्हता. तिसऱ्या पायरीवर खुर्ची कलली. आईने डोळे घट्ट मिटून बाबांची कॉलर धरली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

ऑफिसात ते टेबलामागे जाऊन बसले, चष्मा लावला. अर्ज वाचला, उलटून पाहिला आणि सवयीने म्हणाले, "चालता येत नसल्याचा पुरावा जोडलेला नाही."

मग कंबर चोळली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'स्वतः उचलून खात्री केली. तातडीने मंजूर.'

कमिटीनेही मुकाट मान डोलावली. पंधरा दिवसांत रॅम्प झाला. शेजारी अर्थातच पाटी, आणि दोरीने बांधलेली वही. वापरणाऱ्याने वेळ व कारण नोंदवावे.

आई रोज नोंदवते. कारणाच्या रकान्यात लिहिते, 'घरी सेक्रेटरी आहेत.' त्याखाली रोज बाबांची सही असते आणि शेरा, 'पाहिले. सोबत येत आहे.'