नंबरबाईंचा कीपॅड

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना नंबरबाई म्हणत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले नंबर बाई बावीस वर्षं संगणकात टाकत आल्या होत्या. उणे दीड, अधिक सव्वादोन, अक्ष नव्वद. दिवसाला दीडशे काचा. डोळे चिठ्ठीवर, उजवा हात आकड्यांच्या कळांवर आणि तोंड काकांशी बोलण्यात. काका म्हणजे घासणीवरचे सर्वांत जुने कारागीर. ‘बाई झोपेत असल्या तरी त्यांचा हात चुकायचा नाही’, असं नव्या माणसाला तेच सांगत.

कारखाना उघडायचं कामही बाईंकडे होतं. पावणेसातला कुलूप, मग यंत्रं तापायला लावायची, साडेसातला बाकीचे येणार. जोडून आलेल्या सुट्ट्यांत मागच्या खिडकीतून चोर शिरले. हिऱ्याची धार असलेली दोन चाकं आणि फ्रेमची सहा खोकी गेली. साहेबांनी अलार्मचा संच मागवला. साहेब म्हणजे जुन्या मालकांचे चिरंजीव. बाईंनी त्यांना शाळेच्या दप्तरासकट पाहिलं होतं. “बसवायला माणूस कशाला? मोबाइल हातात धरला की पोरंसुद्धा बसवतात,” असं म्हणून त्यांनी स्वतःच दारं-खिडक्यांवर पांढऱ्या डब्या चिकटवल्या आणि भिंतीवर सायरन ठोकला. दाराजवळचा कीपॅड मात्र वेगळा घ्यायचा होता.

“तुम्हीच निवडा, बाई. रोज उघडणार तुम्ही.”

बाईंनी ते काम मनावर घेतलं. दुकानदाराकडून तीन नमुने दोन दिवसांसाठी आणले. पहिला काचेसारखा गुळगुळीत. घासणीवरच्या माणसांची बोटं कायम ओली. त्यांचा स्पर्श त्याला कळेना. दुसरा बोटाचा ठसा घेणारा. काकांनी दहाही बोटं लावून पाहिली. तीस वर्षं काच घासून त्यांच्या बोटांवर रेघ उरली नव्हती.

“मी चोर असतो तर काय सोय होती!” काका म्हणाले.

तिसरा साधा. रबराची मोठी बटणं, मागून उजेड, प्रत्येकाला वेगळा आकडा. बाईंनी तो ओल्या हातानं दाबून पाहिला, हातमोजा घालून पाहिला, दिवे घालवून पाहिला आणि घ्यायला सांगितला. साहेबांनी बाईंचा आकडा ठरवला : सात, तीन, एक, नऊ. दार उघडल्यापासून तीस सेकंद कीपॅड टिकटिकणार, तेवढ्यात तो दाबायचा. तीनदा चुकला की सायरन.

पहिले तीन दिवस बाईंनी एकेक बटण बघून दाबलं. चौथ्या दिवशी खांद्यावरून पिशवी घसरली, तिच्यात फोन वाजत होता, बाईंनी न बघता आकडा दाबला. चूक. पुन्हा दाबला. चूक. तिसऱ्यांदा आणखी भराभर. सायरनचा आवाज इतका मोठा होता की खालच्या मजल्यावरचे, पहाटेच दवाखाना उघडणारे दातांचे डॉक्टर हातात चिमटा घेऊन वर आले.

आठवड्याभरात तेच पुन्हा झालं. इमारतीच्या व्यवस्थापकाचं पत्र आलं. तिसऱ्या वेळेला साहेब स्वतः काकांना घेऊन दाराशी होते.

“आकडा काय आपला?”

“सात तीन एक नऊ.”

“मग दाबा ना!”

पाठीमागे साहेब, कानाशी टिकटिक. बाईंनी मोठ्यानं म्हणत दाबलं, “सात, तीन, एक, नऊ.”

“बाई,” काका मागून हळूच म्हणाले, “तुम्ही एक, नऊ, सात, तीन दाबलंत.”

“मी सात तीन एक नऊ दाबलं.”

साहेबांनी आपला आकडा घालून टिकटिक थांबवली. “पुढच्या वेळी असं झालं तर किल्ली काकांकडे. तुम्हालाही त्रास, आम्हालाही.”

किल्ली गेल्याचं दुःख बाईंनी गिळलं असतं. भीती वेगळी होती. त्यांच्या आईची सुरुवात अशीच झाली होती. तोंडानं मीठ म्हणायची आणि हातानं साखर घालायची. वर ‘मीठच घातलं’ म्हणून भांडायची. पुढची सहा वर्षं बाई आणि त्यांची मोठी बहीण यांनी आईला भरवलं, धुतलं, रस्त्यावरून शोधून आणलं. शेवटी आई दोघींनाही ओळखत नव्हती. तेव्हा बाई चाळिशीच्या होत्या. आता त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि बहिणीबरोबरच राहत होत्या. हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्यांनी सांगितलं नाही. फ्रेमच्या खोक्याचा पुठ्ठा घरी नेला, त्यावर कीपॅड आखला आणि कपाटाच्या दारावर टांगला. सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी दोनशे वेळा.

“काय गं, या वयात पाढे?” बहिणीनं विचारलं.

“ऑफिसचं आहे.”

“ऑफिसचं ऑफिसात ठेव. कपाट उघडायचं तर मला आधी तुझे आकडे बाजूला सारावे लागतात.”

पंधरा दिवसांत हात वळला. बाई रोज न बघता आकडा दाबू लागल्या, टिकटिक थांबू लागली. सोळाव्या दिवशी काकांनी त्यांच्या टेबलावर एक काच ठेवली.

“ही काच आहे की पेपरवेट?”

चिठ्ठीवर उणे दीड होतं. संगणकात उणे साडेसात. बाईंनीच टाकलं होतं. साहेबांनी दिवसाची सगळी यादी काढायला लावली. आणखी तीन चुका निघाल्या. त्यांतली एक काच फ्रेममध्ये बसून बाहेरही पडली होती. ती एका बसचालकाची होती. साहेबांनी चष्म्याच्या दुकानाला फोन करून ती थांबवली. मग खुर्ची ओढून बाईंसमोर बसले. ओरडले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

“बाई, काही दिवस घरी राहा. कुणाला तरी दाखवून घ्या. वडील असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.”

बाई उठल्या नाहीत. समोर चार चिठ्ठ्या पडल्या होत्या, त्याच पुन्हा वाचत राहिल्या. दीडचे साडेसात. तीनचे नऊ. एकाचे सात. पुन्हा तीनचे नऊ. ज्या चिठ्ठ्या बरोबर होत्या त्या ओढल्या : चार, साडेपाच, साडेचार, सहा. एकाचा सात होत होता, तीनचा नऊ होत होता, आणि चार-पाच-सहा जागचे हलत नव्हते. मेंदू विसरायला लागला तर असं निवडून विसरतो का?

त्यांनी खाली, हाताजवळच्या कळांकडे पाहिलं. कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“काका, दाराशी जा. कीपॅडवर सगळ्यात वर डावीकडे काय आहे?”

काका ओले हात पुसत गेले. “एक!”

“माझ्याकडे सात आहे.”

काका आत आले, कळा बघितल्या, पुन्हा दाराशी गेले, पुन्हा आत आले. “च्यायला, उलटंय की सगळं! तुमच्याकडे सात-आठ-नऊ वर, तिथं एक-दोन-तीन वर.”

बाईंनी कीपॅड घेताना बटणं पाहिली, उजेड पाहिला, रबर पाहिलं. आकड्यांचा क्रम बघायचं त्यांना सुचलं नव्हतं, कारण तो क्रम त्यांच्या बोटांत होता. बोटं बावीस वर्षांच्या जागेवर जाऊन सात दाबत आणि दाराला एक मिळे. मग पुठ्ठ्यावर त्यांनी बोटांना दाराची सवय लावली, ती टेबलावर येऊन काचांत शिरली.

साहेबांनी दोन्हीकडे स्वतः दाबून पाहिलं आणि जोरात हसले. “म्हणजे डोकं शाबूत आहे तुमचं!” बाई हसल्या नाहीत.

“दुसरा कीपॅड बघू का?” साहेबांनी विचारलं.

“सगळ्यांवर असाच क्रम आहे. त्या काचेसारख्या नमुन्यावरही होता, आठवतंय मला आता. मला चार, पाच, सहामधलेच आकडे द्या. मधली ओळ दोन्हीकडे सारखी आहे.”

“चोराला सोपं जाईल.”

“चोर खिडकीतून आला होता, साहेब. दाराशी उभं राहून आकडे लावत बसला नव्हता.”

साहेबांनी मोबाइलवर नवा आकडा घातला : पाच, चार, सहा, चार. किल्लीही बाईंकडेच ठेवली.

संध्याकाळी बाईंनी पुठ्ठा उतरवला आणि बहिणीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कागदावर दोन्ही क्रम काढून दाखवले. बहिणीनं शांतपणे ऐकून घेतलं.

“पटलं ना तुला?” बाईंनी विचारलं.

“पटलं.” बहिणीनं कागद हातात घेतला. “आईलाही कारणं सापडायची गं. पटण्यासारखी असायची.”

“ताई, हे आकड्यांचं आहे. साहेबांनी दाबून पाहिलं.”

“मी कुठं नाही म्हणते?” एवढं म्हणून तिनं कागदाची घडी घातली आणि ताटं मांडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला बाईंनी कुलूप काढलं. टिकटिक सुरू झाली. पाच, चार, सहा, चार. हात आपोआप गेला, टिकटिक थांबली. त्यांनी यंत्रं सुरू केली, टेबलाशी बसल्या, पहिली चिठ्ठी समोर ओढली. उणे एक. बोट उचललं आणि तिथंच थांबलं. त्यांनी मान खाली घातली, एकाची कळ शोधली, बघून दाबली. पडद्यावर एक आला का ते पाहिलं. पुन्हा चिठ्ठी पाहिली.

काका आल्यावर नेहमीसारखं बोलू लागले. बाईंनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. त्या दिवशी नव्वदच काचा झाल्या. एकही चुकली नव्हती.