दादांच्या गाडीचा गोल दिवा

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचतात. एक जळकं ऑइल आणि दुसरे किस्से. ऑइल निदान स्लॅबच्या फळ्यांना लावायला शटरिंगवाले येऊन घेऊन जातात. किस्से माझ्याच डोक्यात राहतात आणि डोकं तापवतात. तेव्हा आज तुम्ही ऐका, चहा माझ्याकडून.

धंदा माझा असा. नारायणगावात हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. लोक शोरूममधून नवीकोरी मोटरसायकल घेतात आणि माझ्याकडे आणून म्हणतात, "भाऊ, हिला रेट्रो लूक द्या." म्हणजे प्लास्टिक काढा, टोकदार एलईडी लाईट काढा, फुगीर टाकी बसवा, सपाट सीट, तारांची चाकं, पुढे गोल दिवा. थोडक्यात, आजोबांची गाडी करून द्या. आजोबांची खरी गाडी कुठाय म्हणून विचारलं की म्हणतात, ती भंगारात दिली. इथं माझं टाळकं सटकतं. खरी गाडी किलोवर विकायची आणि खोटी करून घ्यायला माझ्या दारात यायचं!

सटकतं, कारण आमच्याकडे ती खरी गाडी आहे. माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची. तिच्यावर दुधाच्या किटल्या गेल्या, मी शाळेत गेलो, आई दवाखान्यात गेली. एक पार्ट बदललेला नाही. पुढचा गोल दिवासुद्धा कंपनीचा, वर क्रोमची छोटी झापड, काचेवर उभ्या रेघा. दादा रोज सकाळी तिच्यावरून दुकानात येतात आणि गिऱ्हाइकं स्वतःची गाडी सोडून तिच्याभोवती फिरत बसतात. शेवटी मी भिंतीवर रंगवून घेतलं, 'बाहेरच्या जुन्या गाडीला हात लावू नये.'

दादांनी ते सावकाश वाचलं आणि मला विचारलं, "मी लावू का?"

* * *

पुण्याहून एक साहेब आले. टाकी बसवून झाली, रंग झाला, आरशासारखी चकाकत होती. साहेब म्हणाले, फारच नवी वाटते, थोडा गंज चढल्यासारखा पेंट मारा ना.

दादा कोपऱ्यात पेपर वाचत होते. आयुष्यभर रॉकेलचं फडकं घेऊन गंज पुसलेला माणूस. ते पेपर घडी घालून उठले आणि बाहेर जाऊन बसले.

मी दात-ओठ खात साहेबांना सांगितलं, "एक पावसाळा गाडी उसाच्या बांधावर उभी करा. ओरिजिनल गंज येईल."

साहेबांनी खरंच विचार केला हो. म्हणाले, "नाही, तेवढा वेळ नाहीये माझ्याकडे."

* * *

एका पोराला लग्नात सासऱ्यानं नवी गाडी दिली. महिनाभरात पोरगं माझ्याकडे. मी त्याला म्हटलं, सासऱ्याला विचारलंस का? तर म्हणे, गाडी माझी आहे. मग केली मी तिची आजोबांची गाडी.

पुढच्या आठवड्यात हा बेल्ह्याच्या बैलबाजारात त्याच गाडीवर गेला आणि सासरा समोर. सासऱ्याला वाटलं, जावयानं नवी गाडी विकून कुणाचा तरी खटारा घेतला. जावई सांगून सांगून दमला, पण ऐकतो कोण? शेवटी सासरा दोन पाहुणे घेऊन पिकअपमधून थेट माझ्या दारात. लेकीच्या संसाराचा प्रश्न होता, आवाज हायवेपर्यंत जात होता. आणि शिव्या मला!

गॅरेजात माझं एक मोठं खोकं आहे. गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं काढलेलं नवं सामान मी त्यात टाकतो. मागं कुणी नेत नाही. त्यातून मी त्या गाडीची मूळ टाकी काढून आपटली त्यांच्यापुढे. तिच्यावर पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक तसंच होतं.

सासऱ्यानं त्या स्वस्तिकावरून बोट फिरवलं. मग थंड आवाजात म्हणाला, "पावणं, आमची धाकटी बी यंदा लग्नाची हाय. तिच्या नवऱ्याची गाडी शोरूममधनं थेट तुमच्याकडंच धाडतो. एकदाच काय त्ये मोडून घ्या."

* * *

दुसरा एक जण रेट्रो केलेली गाडी घेऊन ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेला. हारवाल्या मावशींनी कौतुकानं विचारलं, "सेकंडहँड घेतली का रं? चांगली ठेवलीय पयल्या मालकानं."

झालं! स्वारी दर्शन घेऊन सरळ माझ्याकडे, तोंड फुगवून. म्हणाला, भाऊ, काहीतरी करा. मी म्हटलं, काय करू? जुनी दिसायला हवी होती, जुनी दिसते आहे.

"जुनीच दिसली पाहिजे," तो म्हणाला, "पण नवी आहे हे लोकांना कळलं पाहिजे."

माझा फिटर सलीम. दिवसभरात चार शब्द बोलतो. त्यानं माझ्या हातातला पाना हळूच काढून घेतला आणि लांब नेऊन ठेवला.

* * *

ही किकची गोष्ट तर कुणाला खरी वाटत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना किक नसते, बटण दाबलं की चालू. एका पठ्ठ्याला किक हवी होती. मी सांगितलं, या इंजिनला किक बसत नाही. तो म्हणाला, चालू नाही झाली तरी चालेल, नुसता दांडा लावा. चौकात पोरं उभी असतात, त्यांच्यासमोर पाय मारायचा आणि गुपचूप बटण दाबायचं!

मी त्याला हाकलून दिलं. तो सलग तीन दिवस आला, तेव्हा वैतागून लावला दांडा. पोरगं दारातच पाय मारून दाखवायला लागलं. बाहेर दादा त्यांच्या गाडीला किक मारत होते. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरीनंतर गुडघा धरून थोडा वेळ टेकून उभे राहिले.

पोरगं मला म्हणालं, "भाऊ, आजोबांची स्टाईल बघा. सेम तशी जमली पाहिजे."

* * *

आता ओंकारचं सांगतो. मंचरचा पोरगा, हिंजवडीत कामाला. त्याच्या गाडीचं सगळं झालं होतं, फक्त पुढचा दिवा राहिला होता. मी बाजारातले गोल दिवे आणून दाखवले, त्याला एक पसंत नाही. त्याला दादांच्या गाडीचाच हवा होता. नाही म्हटलं. पेढे घेऊन आला. नाही म्हटलं. आईला फोनवर घेऊन माझ्याशी बोलायला लावलं. त्या माउलीला नाही म्हणून फोन ठेवला आणि मग त्याला मी असा झापला की रस्त्यापलीकडचा टोमॅटोवाला क्रेट खाली ठेवून बघत राहिला.

दादा म्हणाले, "आरं, दिव्यासाठी येवढा कशाला वरडतो?"

"तुमची गाडी अख्खी राहावी म्हणून ओरडतोय, दादा."

"त्या दिव्यापरीस कंदील बरा," दादा म्हणाले. आमच्या शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीची लाईट आठवड्याचे तीन-चार दिवस रात्रीचीच असते, त्यामुळे उसाला पाणी द्यायला दादा याच गाडीवरून अंधारातच जातात. ते सांगायला लागले, "परवा बांधावर कायतरी बसलं व्हतं. कुत्रं हाय का बिबट्या, पार जवळ जाऊस्तवर कळलं न्हाई."

मी म्हटलं, दादा, ती काच आता तालुक्यात कुणाकडे नाही, तिला हात लावायचा नाही. तेवढ्यात गंजवाले साहेब पुन्हा दारात दिसले आणि मी त्यांच्यावर धावून गेलो.

* * *

त्यानंतर एकदा मी सामान आणायला पुण्याला गेलो, मुक्काम पडला. सकाळी परत येऊन बघतो तर दुकानाबाहेर दादांची गाडी आणि तिच्या कपाळावर ओंकारच्या गाडीचा तो टोकदार एलईडी! लोखंडी पट्टीनं आवळलेला, वायर टाकीखालून नेलेली. ओंकारची गाडी जागेवर नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी अख्खं गॅरेज डोक्यावर घेतलं. त्या चोराला फोन लावतो, पोलिसात जातो, कुणी लावला हात माझ्या वडलांच्या गाडीला? सलीमनं नुसती हनुवटी वर करून कोपऱ्याकडे दाखवलं.

कोपऱ्यात दादा चहा पीत होते.

"त्याला माजा दिवा पायजे व्हता, दिला," दादा म्हणाले. "मला त्याचा पायजे व्हता, घेतला. सलीमनं लावला. राती पार हिरीपातूर उजेड पडला बग."

दादांनी कप ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि काढलेल्या सामानाच्या त्या खोक्यात वाकून बघायला लागले. "ह्यात एखादी बटनाची सेल्फ निघतीय का बग रं. त्या किकवाल्या पोराला इचार, त्याला नको आसंल तर."

"दादा," मी ओरडलोच, "ओरिजिनल होता तो दिवा!"

दादांनी खोक्यातून मान वर केली.

"आसंल," म्हणाले. "उसातला बिबट्या बी ओरिजिनलच हाय."