उत्तमसिंगचा दुसरा वॉल्व्ह

सेनगावकडच्या तांड्यातला उत्तमसिंग. बैलांच्या पाठीवरून माल वाहायचा घरचा धंदा आजोबांच्या काळातच बुडाला होता. बापाचं नाव सेवा; तो लोकांची गुरं राखायचा. उत्तमसिंग तातेरावांच्या फिरत्या टॉकीजच्या गाड्या हाकायला लागला आणि हळूहळू आवाजाची पेटी सांभाळायला शिकला. पुन्हा गुरांमागं जायचं नाही, एवढीच त्याच्या जिवाची धडपड.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. पेटीतला विजेचा प्रवाह एकाच दिशेनं सोडणारा वॉल्व्ह बाजारात मिळेनासा झालेला. पेटीत एक होता, दुसरा कापसात गुंडाळून ठेवलेला.

औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत आवाजापेक्षा घरघरच जास्त.

"काहून रे उत्तमसिंग, पडद्यामागं म्हशी बांधून राहिला का?" लोक ओरडायचे.

घरघर घालवायला त्यानं वॉल्व्हपुढं वीज साठवणारा एक मोठा कंडेन्सर जोडला. त्या संध्याकाळी नटीचा हुंदका पार मागच्या रांगेपर्यंत पोचला. तातेरावांनी पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बराबर जमलं, लेका."

दुसऱ्या दिवशी पेटी सुरू करताच वॉल्व्हमध्ये निळा लखलखाट झाला आणि काच काळवंडली.

"जुना झाला होता, मालक," उत्तमसिंग म्हणाला.

कंडेन्सरची शंका त्याला आली होती. हातही तिकडं गेला. पण तो काढला तर पुन्हा म्हशी. त्यानं कापूस उलगडला, दुसरा वॉल्व्ह बसवला, बटण दाबलं.

पुन्हा तोच निळा लखलखाट.

मुकी चित्रं पळत राहिली. लोक शिव्या घालत उठून गेले. तातेराव ओरडले असते तरी बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "आता गाडीवर बी तू नको. जा घरी."

तो तांड्यात पोचला तेव्हा बाप विहिरीपाशी तहानलेल्या बैलांना दोन-दोन करून पाण्याच्या डोणीवर सोडत होता. "सगळे एकदम सोडले की डोणी फोडतेत," सेवा म्हणाला. हे तर तो उत्तमसिंगच्या लहानपणापासून सांगायचा.

उत्तमसिंगला पेटी आठवली. रिकामा कंडेन्सर सुरुवातीलाच विजेवर असाच तुटून पडतो, आणि तो सगळा भार वॉल्व्हच्या अंगावर येतो. हे त्याला बटण दाबायच्या आधी सुचायला हवं होतं.

पुढं निजामी गेली. सेनगावला दुसरी टॉकीज आली, तिच्या मालकानं पेटी सांभाळायला ये म्हणून माणूस धाडला.

"न्हाई जमायचं," उत्तमसिंग म्हणाला, आणि पुढचे दोन बैल सोडले.