काळ्याच्या खालचं पांढरं

माझी आत्या रक्त काढते. म्हणजे तिची नोकरीच ती. दवाखान्याच्या तळमजल्यावरची प्रयोगशाळा, सकाळी सात ते दुपारी दोन. समोर खुर्ची, खुर्चीत घाबरलेला माणूस आणि आत्याचं ठरलेलं वाक्य, "भिंतीकडे बघा आणि मला सांगा, काल काय जेवलात?" माणसाला जेवण आठवेपर्यंत नळी भरलेली असते.

पंचेचाळिसाव्या वर्षी ही बाई एअर पिस्तूल शिकायला लागली. बँकेच्या मागच्या इमारतीत, तळघरात नेमबाजीचा क्लब होता. तिथला एक सभासद रक्त द्यायला आला, तिचा हात बघून म्हणाला, "अहो, हा हात वाया चाललाय." आत्या गंमत म्हणून गेली ती तिथलीच झाली. आतोबा म्हणायचे, "घरात शब्दांनी टिपतेस तेवढं पुरत नाही का?" पण संध्याकाळी तिची पिशवी दाराशी आणून ठेवायचे तेच.

पहिली काही वर्षं मजेत गेली, मग गाडी अडली. साठ छर्रे, सहाशे गुण. आत्या पाचशेवीसच्या आसपास येऊन जी थांबली, ती हलायलाच तयार नाही. दहा मीटरवर कागद, त्यावर कपाच्या तोंडाएवढा काळा गोल. पिस्तुलाच्या टोकाला काळा दांडा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेत ती माशी बरोबर मधोमध बसवायची आणि झाडायचं. आत्या माशी नेऊन ठेवायची थेट गोलाच्या मध्यावर. जिथे लागायला हवं तिथेच बघायचं, यात चुकतंय काय? शिवाय चाळिशी लागून वर दहा वर्षं झाली होती. माशी पुसट दिसायची आणि काळ्यावर जाऊन पार विरघळायची. एका संध्याकाळी बाविसाव्या छर्‍याला तिने पिस्तूल खाली ठेवलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "पुरे झालं. आता विणकाम करीन." आतोबांनी पिशवी मात्र दोन आठवडे दारातून हलवली नाही.

तिसर्‍या आठवड्यात क्लबचे मिस्त्री साखर तपासायला दवाखान्यात आले. पिस्तुलं दुरुस्त करणं, हवेचे सिलिंडर भरणं, कागद लावणं ही त्यांची कामं. कोटाच्या खिशात कायम छोटा पेचकस. माणूस इतका अबोल, की तेलाची बाटली हवी असली तरी बोटानेच दाखवायचा. ते खुर्चीत बसले, बाही वर केली. आत्याने भिंतीकडे बघायला सांगितलं, तर म्हणाले, "मला बघायचंय."

सुई आत गेली. नळी भरू लागली.

"ताई, शीर इथे दिसत होती. तुम्ही अलीकडे का टोचलंत?"

"तिरकी जाते ना सुई. अलीकडून घातली की आत शिरेत बरोबर पोचते. अगदी तिच्या डोक्यावर टोचली तर पुढे निघून जायची."

"म्हणजे टोचायचं एकीकडे आणि पोचायचं दुसरीकडे."

"अर्थात."

"मग पिस्तूल हातात आलं की तुम्हाला होतं काय?" मिस्त्रींनी विचारलं. "काळ्यात काळं शोधत बसता. गेली तीन वर्षं बघतोय."

"तीन वर्षं! मग बोलला का नाहीत?"

"विचारलंत कधी?"

आत्या सांगते, त्या वाक्याने तिचे कान गरम झाले. क्लबात ती सगळ्यांना विचारत फिरली होती, पदकवाल्यांना, पुस्तकवाल्यांना. पेचकसवाल्याला विचारायचं सुचलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती गेली. मिस्त्री म्हणाले, "काळा गोल विसरा. त्याच्या खाली पांढरं आहे ना, त्यात माशी धरा. नजर माशीवर. गोल धूसर दिसला तरी चालेल."

"पण तिथे धरलं तर तिथेच लागेल!"

"लागू दे."

पाच छर्रे झाडले. पाचही काळ्याच्या खाली, पांढर्‍यात. शेजारच्या पट्टीवर नेम धरून उभा असलेला तरुण वकील खुदकन हसला. मिस्त्रींनी कागद आणला, खिशातली काडेपेटी काढून भोकांवर ठेवली. पाचही भोकं तिच्याखाली झाकली गेली. आत्याच्या आयुष्यात इतके जवळ छर्रे पडले नव्हते.

"हात तुमचा चांगलाच आहे," ते म्हणाले. "आता उरलं ते माझं काम." मग मागच्या खाचेचा स्क्रू थोडा थोडा फिरवत त्यांनी ती वर घेतली. दर दोन छर्‍यांनी थांबून कागद बघितला. नेम पांढर्‍यातच राहिला, छर्रे मात्र वर सरकत सरकत मधोमध जाऊन बसले.

हे वाचायला सोपं वाटतं. पुढचे दोन महिने आत्याने दात-ओठ खात काढले. आधी ती माशी काळ्या कडेला अगदी चिकटवून धरायची. मग ती कड सांभाळता सांभाळता हात ताठ व्हायचा. गुण पाचशेच्या खाली घसरले. मिस्त्री म्हणाले, "जरा अजून खाली या. ऐसपैस जागा घ्या. हात थोडा हलणारच, हलू दे." चष्मेवाल्याकडून तिने माशी स्पष्ट दिसेल अशी काच बसवून घेतली. गोल आणि माशी यांच्यात किती पांढरं ठेवायचं, ते शेवटी तिचं तिलाच सापडलं. साधारण माशीच्या रुंदीइतकं. त्याहून कमी ठेवलं की तिला घाई व्हायची, जास्त ठेवलं की हात भरकटायचा.

विभागीय स्पर्धेचा अर्ज भरताना तिने प्रशिक्षकाच्या रकान्यात मिस्त्रींना लिहिलं. क्लबच्या सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अहो, ते दुरुस्ती करतात."

"हो ना," आत्या म्हणाली. "माझीही केली."

त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी पट्टीमागच्या प्रशिक्षकांच्या खुर्च्यांपैकी एकीवर मिस्त्री बसले. इस्त्रीचा सदरा, हात गुडघ्यांवर. मी आणि आतोबा मागच्या बाकावर होतो. आत्याचे चाळीस छर्रे झकास गेले, एकेचाळिसाव्याला दहापैकी सहाच गुण पडले. तिने वळून पाहिलं. मिस्त्रींनी तळहात फक्त थोडा खाली दाबला. ती वळली, दोन श्वास घेतले आणि पुन्हा हात उचलला.

पाचशे त्रेचाळीस. तिच्या वयोगटात चौथी, पदक एका गुणाने हुकलं. आम्ही हळहळलो. ती मात्र सरळ त्या खुर्चीपाशी गेली आणि मिस्त्रींचे दोन्ही हात हातात धरून म्हणाली, "मी सोडून दिलं होतं हो. तुम्ही मला परत आणलंत."

मिस्त्री भलतेच अवघडले. "साखर तपासायचीच होती," एवढंच म्हणाले.

आता क्लबात मंगळवार-शुक्रवार मिस्त्री नवख्यांना शिकवतात. फळ्यावर तशी वेळ लिहिलेली आहे. नाव नोंदवणार्‍यांत पहिला होता तो हसणारा वकील.